अर्धशिशीवर सलाईन: सहा हजारांचं मीठपाणी?

खडूस_फार्मासिस्ट: काल 'निवांत' यांनी लिहिलं की एका ड्रिप क्लिनिकात सहा हजार मोजले, तासाभर आरामखुर्चीत पडून राहिल्या आणि अर्धशिशी, थकवा दोन्ही गायब. वर "प्रत्येकीने घ्याच" असा आग्रह. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

एनएसच्या (नॉर्मल सलाईन) 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. त्यात एमव्हीआय (मल्टीव्हिटॅमिनचं इंजेक्शन) सोडलं की त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे (व्हिटॅमिन बी२) बाटली पिवळी होते आणि लोकांना ती 'ताकदीची' वाटते. जास्तीचं व्हिटॅमिन बी आणि सी लघवीवाटे जातं. ड्रिप क्लिनिकातलं हे व्हिटॅमिनांचं कॉकटेल मूळचं बाल्टिमोरच्या डॉ. जॉन मायर्स यांचं. ते 1984 साली वारले, नेमकी मात्रा कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांचे पेशंट डॉ. ॲलन गॅबींकडे आले आणि गॅबींनी आपल्या परीने कृती बसवली. 2009 साली फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखणं आणि थकवा) 34 रुग्णांवर छोटी चाचणी झाली. निम्म्यांना मायर्सचं कॉकटेल, निम्म्यांना नुसतं रिंगर लॅक्टेट, म्हणजे व्हिटॅमिन नसलेलं साधं सलाईन. बरं दोन्ही गटांना वाटलं, नाव घेण्याजोगा फरक निघाला नाही. अर्धशिशीसाठी तर एवढाही आधार नाही.

निवांत: तुमची कधी अर्धशिशी उठलीय का हो? डोळ्यापुढे नागमोडी चमचम, मग उजव्या भुवईमागे ठणका, मग उलट्या. गोळी गिळली की पाच मिनिटांत बेसिनमध्ये. अशा वेळी मला फायब्रोमायल्जियाची चाचणी वाचून दाखवणार का? मला बरं वाटलं. विषय संपला.

नाइट_ड्यूटी: मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. निवांतताईंचं एक खरंय, अटॅकमध्ये पोट काम करत नाही, गोळी तशीच पडून राहते. म्हणून आम्हीही शिरेतून देतो. पण उतार पडतो तो मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन या उलटी थांबवणाऱ्या औषधांनी, बाटलीने नाही. तुमच्या बाटलीत काय सोडलं ते विचारलंत का? आणि पेनकिलर महिन्यातून किती दिवस घेता? दहा-पंधरा दिवस होत असतील तर त्या गोळ्याच डोकं दुखवतात.

खडूस_फार्मासिस्ट: चमचम दिसणाऱ्यांना शिरेतून मॅग्नेशियम सल्फेटचा थोडा फायदा दिसलाय, हे नाइलाजाने लिहितो. त्यासाठी आरामखुर्ची लागत नाही.

माळावरचा: शहरात आत्ता फॅशन आली. आमच्याकडे डॉक्टरनं सलाईन नाही लावली तर "ह्याला काय येत नाय" म्हणून माणसं पुढच्या दवाखान्यात जातात. ऊसतोडीच्या दिवसांत बघा: खिडकीच्या गजाला सुतळीनं बाटली बांधलेली, एका बाकड्यावर दोन बाया. अर्धी उतरली की "काढा आता, गाडी भरायचीय" म्हणतात. उचल फेडायची असते, घरी बसून चालत नाही. माझ्या वहिनीला अशाच पिवळ्या बाटल्या वर्षभर लावल्या. शेवटी तालुक्याला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6, म्हणजे अंगात रक्तच नाही.

खडूस_फार्मासिस्ट: हेच! 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजलं. कॉलऱ्याचे मृत्यू 30 टक्क्यांवरून 4 च्या खाली आले. आणि आपण ताप आला की हात पुढे करतो.

रोखठोक: वहिनींना सलाईन लावणारा कोण होता ते सांगा ना. बीएचएमएसच असणार, होमिओपॅथीवाला. साबुदाण्याच्या गोळ्या शिकायच्या आणि लावायच्या सलाईन.

गावचा_बीएचएमएस: तोंड सांभाळून. 2014 साली महाराष्ट्रात कायदा बदलला, सीसीएमपी हा एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा (औषधशास्त्राचा) कोर्स केला की आम्हाला ॲलोपॅथीची औषधं देता येतात. रात्री दोनला विंचू चावल्यावर तुमचा एमडी येतो का वाडीवर?

रोखठोक: आयएमए, आमची ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना, याविरुद्ध उगाच कोर्टात गेली नाही. एका वर्षात फार्माकॉलॉजी? मग आम्ही साडेपाच वर्षं काय पत्ते कुटत होतो?

गावचा_बीएचएमएस: ते तुम्हीच सांगा. ड्रिप क्लिनिकं तुमचे एमबीबीएसवालेच चालवतात ना? आम्ही दीडशेत लावतो ती लूट, तुम्ही सहा हजारांत लावता तो 'वेलनेस'?

माळावरचा: ह्यात तथ्य आहे.

नाइट_ड्यूटी: कोण लावतं यावर भांडताय, कशी लावतात ते बघा. घाईत लावली की शीर सुजते, हात लाल होतो. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्याला बाटली भसाभस सोडली तर पाणी फुप्फुसात चढतं. जी६पीडी (रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्याला व्हिटॅमिन सीचा मोठा डोस दिला तर रक्तपेशी फुटतात. आरामखुर्चीवाले हे विचारतात का?

निवांत: मला कुणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर फक्त नाव, वय आणि 'ग्लो हवा का' एवढंच होतं. बरं, सीबीसी (हिमोग्लोबिन, रक्तपेशी), बी१२ आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्ततपासण्या करून घेते. खडूसकाका, मॅग्नेशियमचं कबूल केलंत त्याबद्दल पेढे कुठे पाठवू?

खडूस_फार्मासिस्ट: पेढे नकोत, शुगर आहे. रिपोर्ट आले की इथे टाका.

रोखठोक: सीसीएमपीचं उत्तर अजून आलेलं नाही.

गावचा_बीएचएमएस: ओपीडीत गर्दी आहे. रात्री देतो.