वजनकाटा बाजूला ठेवून आहारसल्ला : आपले ऑनलाइन सत्रांचे अनुभव

गेले चौदा महिने मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडून व्हिडिओ कॉलवर सल्ला घेत आहे. या काळात त्यांनी मला एकदाही वजन विचारलेले नाही आणि एकही डाएट चार्ट दिलेला नाही. हे सांगितले की ऐकणारे विचारतात, मग त्या नक्की करतात तरी काय? वजन उतरवणे हे उद्दिष्ट न धरता, जाड-बारीक सर्वांना सारखी वागणूक देऊन खाणे, झोप, हालचाल आणि रक्ततपासण्या यांवर काम करणारे आहारतज्ज्ञ अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बरेच आहेत. आपल्याकडेही आता आहेत. अशा कोणाबरोबर आपण काम केले असेल, तर सत्रात प्रत्यक्ष काय घडले आणि काय जमले नाही, ते सविस्तर लिहावे. एक विनंती आहे. किलो, कॅलरी आणि कमरेची मापे लिहू नयेत. खाण्याच्या विकारातून सावरत असलेली माणसेही हे वाचणार आहेत आणि हे आकडे त्यांना पुन्हा त्याच मोजमापात ओढून नेतात. साखरेचे आकडे अवश्य लिहावेत.

सुरुवात माझ्यापासून करते. मी पुण्यात महाविद्यालयात शिकवते, वय 46. मागच्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 आली. 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या आधीची पायरी समजतात. त्याआधीच्या पंधरा वर्षांत मी इतकी डाएट केली होती की पहिल्या सत्राला बसताना वहीत त्यांची यादीच लिहून ठेवली होती. मॅडमनी ती ऐकून घेतली आणि विचारले, "सकाळी उठल्यापासून पहिला घास पोटात किती वाजता जातो?" मी नुसत्या चहावर बाहेर पडत असे आणि दीड वाजता डबा उघडत असे. डब्यात दोन फुलके आणि कोरडी भाजी असे, कारण भात आणि तूप मी कटाक्षाने टाळत होते. संध्याकाळी सहाला घरी आल्यावर पर्स खाली ठेवण्याआधीच हात फरसाणाच्या डब्यात जाई आणि रात्री त्याचा पश्चात्ताप होई. मनावर ताबा नाही, असे मी इतकी वर्षे स्वतःला बजावत आले होते. त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत उपाशी आणि संध्याकाळपर्यंत अर्धपोटी ठेवलेलं शरीर असंच वागणार. यात तुमच्या मनाचा काही दोष नाही." त्या दिवशी कॉल संपल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

तिसऱ्या सत्रात त्यांनी मला फोन ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायला आणि रोजचे ताट वाढून दाखवायला सांगितले. ताटात आमटीची वाटी होती, पण डाळ तळाशी चमचाभर आणि वर सगळे पाणी, हे मला कॅमेऱ्यापुढे वाटी तिरकी धरल्यावर प्रथमच दिसले. दवाखान्यात बसून मी "आमटी खाते" एवढेच सांगितले असते. ताटातून त्यांनी काहीही काढले नाही, उलट भर घातली. सकाळी आठच्या आत मटकीची उसळ किंवा दोन अंडी, घट्ट आमटी, आधी भाजी-उसळ आणि भात शेवटी, जेवण झाल्यावर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटे चालणे. प्रथिने आणि चोथा आधी पोटात गेला की साखर सावकाश चढते, आणि चालताना स्नायू ती वापरून टाकतात, एवढे साधे त्यामागचे कारण त्यांनी समजावून सांगितले. सहा महिन्यांनी एचबीएवनसी 5.8 आले. फरसाण अजूनही घरात असते. ते मी बशीत काढून, बसून खाते.

एडिसन, न्यू जर्सी

माझी आहारतज्ज्ञ अमेरिकन आहे. इथे बहुतेक राज्यांत आहारतज्ज्ञाला राज्याचा परवाना लागतो, त्यामुळे व्हिडिओवर भेटणारी व्यक्ती आपल्या राज्यात काम करू शकते का, हे आधी विचारून घ्यावे. मला पहिली निवड याच कारणाने सोडावी लागली. तिला साबुदाणा ठाऊक नव्हता, भगर ठाऊक नव्हती. मी फोटो पाठवत गेले आणि ती शिकत गेली. संकष्टी, एकादशी, गुरुवार आणि श्रावणी सोमवार असे माझे उपवास ऐकल्यावर तिने अतिशय आदराने विचारले, "यातले देवासाठी किती आणि वजनासाठी किती?" हा प्रश्न मला माझ्या आईनेही कधी विचारला नव्हता. मी दोन आठवडे उत्तर दिले नाही. मग संकष्टी तेवढी ठेवली आणि बाकीचे सोडले. संकष्टीला चंद्रोदयानंतर मोदक खाताना आता मला मोजदाद आठवत नाही, यासाठी मी तिची ऋणी आहे.

रात्री झोप येत नसे तेव्हा मी तासन् तास पाककृतींचे व्हिडिओ पाहत असे आणि त्यातला एकही पदार्थ करत नसे. हे मी फार संकोचाने सांगितले. त्यावर तिने मिनेसोटा विद्यापीठातला 1944-45 मधला प्रयोग सांगितला. 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यातले कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, अन्नाखेरीज त्यांना काही सुचेना आणि जेवताना ते घास लांबवू लागले. हा प्रयोग करणारे अँसेल कीज यांनीच पुढे 1972 मध्ये उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) हे नाव रूढ केले. आपल्याला काही विचित्र आजार जडलेला नसून आपण केवळ भुकेले आहोत, हे कळायला मला वयाची 39 वर्षे लागली.

सांगली

माझे थोडक्यात आहे. गुडघा दुखतो म्हणून मी दोन डॉक्टरांकडे गेलो. दोघांनीही गुडघ्याला हात न लावता वजन कमी करायला सांगितले. माझी आहारतज्ज्ञ पुण्याहून ऑनलाइन भेटते. तिने मला एक वाक्य अक्षरशः पाठ करून घ्यायला लावले : "डॉक्टर, हीच तक्रार घेऊन बारीक माणूस आला असता तर आपण काय उपचार दिले असते?" तिसऱ्या डॉक्टरांना मी हे विचारले. त्यांनी मला टेबलावर झोपवून तपासले, एक्स-रे काढला आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. आता जिना उतरताना मी कठडा धरत नाही.

नागपूर

माझा अनुभव चांगला नाही आणि तोही इथे नोंदला जावा असे मला वाटते. मला मधुमेह होऊन दोन वर्षे झाली आहेत. मी ज्यांच्याकडे गेले, त्यांनी वजनाचा विषय काढायचा नाही म्हणता म्हणता माझे रिपोर्टही बाजूला ठेवले. चार सत्रे भावनांवर बोलणे झाले, ते मला आवडलेही, पण जेवणानंतरची साखर 260 येत होती आणि पुढे काय करायचे ते कोणी सांगेना. वजन उतरवून मधुमेह मागे हटू शकतो, हे मला माहीत होते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधाविना आटोक्यात होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. मला तो मार्ग निवडायचा असेल तर तसे स्पष्ट बोलता आले पाहिजे आणि त्यासाठी मला अपराधी वाटायला नको. मी शेवटी माझ्या मधुमेहतज्ज्ञांकडे परत गेले.

मुंबई, स्वतः आहारतज्ज्ञ

नागपूरच्या ताईंना मी मनापासून सांगते की त्यांची तक्रार रास्त आहे. वजनाला केंद्रस्थान न देणे म्हणजे आजाराकडे डोळेझाक करणे नव्हे. रुग्णाला वजन उतरवायचेच असेल तर ते ऐकून घेऊन, कोणता मार्ग काय देतो आणि काय घेतो, हे प्रामाणिकपणे मांडणे आमचे काम आहे. मी पहिल्या सत्राआधीच एचबीएवनसी, लिपिड, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी12 आणि रक्तदाबाची नोंद मागवते, आणि औषधांत बदल लागेल असे दिसले की लेखी टिपण देऊन डॉक्टरांकडे पाठवते.

वजनावरून आजार ओळखता येत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. काट्यावर सडपातळ ठरणाऱ्या भारतीय माणसाला म्हणूनच कोणी वेळेवर तपासत नाही, आणि जाड माणसाला काट्यावरून खाली उतरल्यावर तपासत नाही. दोघांचेही नुकसानच होते. आणखी एक सांगते. न्यूट्रिशनिस्ट अशी पाटी पुरेसे शिक्षण नसतानाही लावलेली आढळते, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारावी, विचारताना संकोच करू नये, आणि पहिल्याच सत्रात पावडर किंवा गोळ्या विकायला काढल्या तर तिथेच थांबावे.

बर्मिंगहॅम, इंग्लंड

माझी मुलगी 17 वर्षांची आहे. तिचे जेवण जवळजवळ बंद झाले तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असे तिघे मिळून उपचार सुरू झाले. इथे डाएटिशियन हे पदनाम कायद्याने संरक्षित असून एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत नाव तपासता येते. आहारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा जेवणाच्या वेळी व्हिडिओवर यायच्या आणि स्वतःही समोर ताट घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी लेक मान वर करत नव्हती. अन्नाची भीती म्हणून असेल असे मला वाटले, पण त्यांनी तिला फक्त स्वतःचा चेहरा दाखवणारी खिडकी बंद करायला सांगितली. पडद्याच्या कोपऱ्यातली ती स्वतःची चौकट दिसेनाशी झाल्यावर तिने मान वर केली आणि वरणभाताचे पाच घास खाल्ले. मी दाराआड उभी राहून मोजले.

मात्र व्हिडिओवर सगळे होत नाही, हे मी ठामपणे सांगते. नाडी, रक्तदाब आणि रक्तातले क्षार यांसाठी दर आठवड्याला प्रत्यक्ष जावे लागे. तिथे वजनही घेत, कारण या आजारात ते घ्यावेच लागते. पण ती काट्याकडे पाठ करून उभी राही आणि आकडा तिला सांगत नसत. आता ती घरी जेवते. मैत्रिणींबरोबर बाहेर जेवणे अजून जड जाते.

रत्नागिरी

आमच्याकडे पावसात नेट जाते, त्यामुळे निम्मी सत्रे नुसत्या आवाजावर होतात. सल्ला सासूबाईंसाठी घेतो. त्यांना मधुमेह आहे आणि घरची कलमे असून सहा वर्षे त्यांनी आंबा तोंडात घातला नव्हता. घरात आढी लागली की त्या मागच्या पडवीत जाऊन बसत. आहारतज्ज्ञ ताई त्यांना म्हणाल्या, "आजी, आंबा बंद असं मी म्हणत नाही, आपण मोजून बघू." पहिल्या दिवशी पूर्ण जेवणावर हापूसच्या फोडी खाऊन दोन तासांनी साखर 214 आली. दुसऱ्या वेळी भात न घेता भाकरी, माशाचे कालवण आणि अर्धा हापूस असे जेवण झाले, तेव्हा 158. हा दुसरा आकडा तिसऱ्या आणि चौथ्या खेपेलाही जवळपास तेवढाच आला, तेव्हा ताईंनी तोच बेत कायम केला आणि डॉक्टरांनाही नोंदी दाखवायला सांगितल्या. सासूबाई आकडे स्वतः कालनिर्णयवर लिहितात. मे महिन्याच्या पानावर आता तिथी दिसेनाशा झाल्या आहेत, पण ते पान फाडू नका असे त्यांनी बजावून ठेवले आहे, कारण पुढच्या वर्षी पायरीचे मोजायचे आहे.