मदत हवी आहे: 'नेपसावा'चे जुने अंक आणि सोमोग्यी-बाचो खून प्रकरण

मंडळी, हंगेरियन वाचता येणारं कुणी आहे का इथे? किंवा बुडापेस्टमध्ये राहणारं?

'नेपसावा' या हंगेरीतल्या समाजवादी लोकशाहीवादी (सोशल डेमोक्रॅट) पक्षाच्या वृत्तपत्रावर लेख लिहितोय. सुरुवात 1873 ची, 1905 पासून दैनिक. तेवढं जमलंय. गाडी अडलीय 1920 वर. 17 फेब्रुवारीला संपादक बेला सोमोग्यी आणि तरुण पत्रकार बेला बाचो यांना लष्करी अधिकाऱ्यांच्या टोळीने पळवून ठार मारलं, प्रेतं डॅन्यूबमध्ये टाकली. सोमोग्यी गोऱ्या दहशतीविरुद्ध (1919 ची साम्यवादी राजवट पडल्यावर तिच्या विरोधकांनी केलेल्या हिंसाचाराविरुद्ध) उघड लिहीत होते, हाच गुन्हा. पुढे 1925 मध्ये माजी गृहमंत्री बेनिट्स्की यांनी साक्षीत थेट देशाचे तेव्हाचे राज्यप्रमुख हॉर्टी यांच्याकडे बोट दाखवलं. ती साक्ष छापली मात्र दुसऱ्याच दैनिकाने, आणि त्याच्यावर बंदी आली!

तर मला हवंय ते असं: या साक्षीचा इंग्रजी किंवा जर्मन अनुवाद कुठे मिळेल? खुनानंतरच्या दिवसांतले अंक स्कॅन स्वरूपात फुकट पाहता येतात का? पैसे भरावे लागत असतील तर साधारण किती?

जमल्यास 1941 चा नाताळ अंकही हवाय. देश हिटलरच्या बाजूने युद्धात असताना सोशल डेमोक्रॅट्सच्या पेपरात राष्ट्रवादी राजकारणी बायची-झिलिन्स्की, पुराणमतवादी इतिहासकार सेक्फ्यू अशी वेगळ्या गोटातली माणसं लिहितात, हे मला फार विशेष वाटतं. निदान अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो मिळाला तरी चालेल.

मशीन भाषांतर करून पाहिलं, पण जुन्या छपाईपुढे त्याने हात टेकले. विकिपीडियाची लिंक नको, ती वाचून झालीय.