मदत हवी आहे : गोदामातील भाजलेला बायोमास आतून तापतो आहे

कागलचा_बॉयलर :
नमस्कार. बॉयलरसाठी कोळशाऐवजी टॉरिफाइड बायोमास (म्हणजे भाजून इंधन केलेला लाकूड-पाचटासारखा माल) घेतला असून, बंद गोदामात ठेवल्यापासून ढीग आतून तापतो आहे आणि आज करपल्यासारखा वासही येऊ लागला आहे. उद्या दुसरी गाडी येणार आहे. कृपया लवकर सांगा.

पाचटवाला :
माल पेलेटचा (दाबून केलेल्या गोळ्यांचा) आहे की सुटा? गाडीत भरताना तो पूर्ण थंड झाला होता का? ढीग किती उंच आहे? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

शिरोलीकर :
हा माल पाणी धरत नाही, हाच तर त्याचा गुण आहे. आम्ही तो उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवतो. तुम्हीही बाहेर काढा.

पाचटवाला :
शिरोलीकर, हे अर्धेच खरे आहे. साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसला, जवळजवळ हवेविना भाजल्याने ओलावा शोषण्याची ओढ कमी होते, संपत नाही. आपल्याकडच्या आषाढातील झडीत उघडा माल भिजतोच. शिवाय येथे प्रश्न उष्णतेचा आहे. ताजा माल हवेतील प्राणवायू घेत राहतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि उंच ढिगात ती कोंडून राहते.

गुऱ्हाळकाठ :
जिल्ह्यात एवढे साखर कारखाने असताना बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) बॉयलर का चालवत नाही?

कागलचा_बॉयलर :
इंधन बदलायचे नाही. माल सुटा आहे, उतरवताना कोमट होता, ढीग छतापर्यंत गेला आहे. जेसीबीने पसरवू का?

फाउंड्री_सुरक्षा :
अजिबात नको. करपल्याचा वास म्हणजे आत धुमसत असण्याची शक्यता आहे. ढीग फोडताच ताजी हवा मिळून तो पेट घेऊ शकतो आणि उडालेल्या बारीक धुळीचा स्फोटही होऊ शकतो. बंद गोदामात कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला ना रंग असतो ना वास, म्हणून कोणालाही आत पाठवू नका आणि 101 वर अग्निशमन दलाला आत्ताच कळवा. उद्याची गाडी थांबवा. यापुढे पुरवठादाराकडेच मालाच्या आतील तापमान मोजून, तो थंड असेल तरच भरून घ्या. ढीग बुटके ठेवा, आत तापमापक खोचून रोज नोंद करा आणि जमिनीवरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका.

शिरोलीकर :
ताडपत्रीबद्दल माझे मत कायम आहे, पण तापलेला माल हलवू नये, हे मान्य.

कागलचा_बॉयलर :
दलाला फोन केला आहे, कामगार बाहेर आहेत, गाडीही थांबवली. पुरवठादार तापमान मोजून देत नसेल, तर ते मोजण्याचे साधन कोल्हापुरात कोठे मिळेल?