मावशी इतकी वर्षं का आली नाही?

बी-२०४ : शनिवारी क्लब हाऊसमध्ये मुलांना ‘ब्लूई’ ही ऑस्ट्रेलियन कार्टून मालिका दाखवली. मुलांपेक्षा मागे उभ्या असलेल्या मोठ्यांचेच डोळे जास्त ओले झाले होते. ब्रिस्बेनमधलं कुत्र्यांचं कुटुंब, सुरुवातीला सहा वर्षांची ब्लूई, तिची चार वर्षांची बहीण बिंगो, आणि भाग जेमतेम सात मिनिटांचा. तेवढ्यात केवढं सांगून जातात!

ए-५०१ आजोबा : मी नातीला न्यायला आलो आणि दारातच उभा राहिलो. जखमी पक्ष्याला दवाखान्यात नेतात तो भाग चालू होता. वाटलं, लहान मुलांचा कार्यक्रम आहे, पक्षी बरा होणार. तो मेला. घरी आल्यावर ब्लूई सगळा प्रसंग पुन्हा खेळून बघते, तेव्हा मला भरून आलं. आमचा लव्हबर्ड गेला तेव्हा नातीला आम्ही ‘उडून गेला’ म्हणून सांगितलं. ती अजून गॅलरीत वाटीत राळे ठेवते.

सी-४०२ : काका 🙏 पण लहानांना हे जड नाही होत? माझा मुलगा रात्री विचारत होता, आई तू पण मरणार का?

बी-२०४ : विचारलं हे चांगलंच झालं गं. मनात ठेवून झोपला असता तर? मालिकेचा लेखक, जो ब्रम (Joe Brumm), स्वतः दोन मुलींचा बाप आहे, ते जाणवतं. मला सगळ्यात जास्त लागला तो ‘वनझीज’ हा भाग. मावशी चार वर्षांनी घरी येते. ब्लूई आईला विचारते, इतकी वर्षं का नाही आली? आई ‘तिला काम होतं’ म्हणून टाळत नाही. मावशीला एक गोष्ट फार मनापासून हवी आहे, ती तिला मिळू शकत नाही आणि त्यावर कुणाकडे इलाज नाही, एवढंच सांगते. ‘मूल होत नाही’ असं कुणी उघड बोलत नाही. ब्लूईला तिच्यापुरतं कळतं, आपल्याला सगळं कळतं.

सी-१०३ : मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. हा भाग मी तीनदा पाहिलाय. गेल्या वर्षी नात्यातल्या एका डोहाळजेवणाला ओटी भरायला उठले, तर कुणीतरी हळूच माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. त्यानंतर कार्यक्रमांना जाणं कमी केलं. ब्रँडी मावशी चार वर्षं का आली नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

ए-३०१ काकू : अगं, आम्हाला इतकी वर्षं शेजारी राहून कळलं नाही. पण मग २०२४ मधला तो २८ मिनिटांचा ‘द साइन’ बघितलास का? त्यात ब्रँडी गरोदर दिसते. मला इतका आनंद झाला!

सी-१०३ : बघितला, काकू. तिथे मी टीव्ही बंद केला. ‘नाही मिळणार’ असं सांगूनही ती मावशी त्या घरात हवीशी होती, मुलींना आवडत होती. मला तेच पुरेसं होतं. शेवटी तिला मूल दिलं आणि मी पुन्हा एकटी पडले.

डी-६०४ : मलाही त्याच भागाचा शेवट पटला नाही. ब्लूईच्या बाबाला दुसऱ्या शहरात नोकरी, घर विकायला काढलेलं, आणि अगदी निघताना बाबा विक्रीची पाटी उपटून टाकतो. आमची बदली नागपूरला झालीय. मुलगी रोज विचारते, बाबा पाटी कधी उपटणार? काय सांगू?

ए-५०१ आजोबा : खरं ते सांगा. आणि जायच्या आदल्या दिवशी तिला घेऊन आमच्याकडे या.

ए-३०१ काकू : मी तरी तो शेवट चुकीचा म्हणणार नाही. कुणाकुणाला मिळतंही, आणि बघणाऱ्याला धीर येतो. पण सी-१०३, तुझं वाचून दुपारपासून जिवाला चैन नाही. आमच्या सुनेचं डोहाळजेवण रविवारी चार वाजता घरीच आहे. सुनेला विचारूनच लिहितेय. पहिली ओटी तू भरायचीस.

बी-२०४ : काकू ❤️

सी-१०३ : येते, काकू. नारळ मी आणते.