वेल्सच्या खाणगावात जाऊन आलंय का कोणी? (प्रश्न खरंतर एकलहऱ्याचा आहे)

नाशिकरोडचा_बाळू
मंडळी, मे मध्ये ताईकडे कार्डिफला चाललोय. दाजी म्हणतात ब्लायनॅव्हनला जा, खाणीत खाली उतरवतात. जायचंच आहे पण माझं डोकं वेगळीकडे चालतंय. मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक (कोळशावरच्या) वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो, वडील बॉयलरला होते. जुने दोन संच केव्हाच बंद झाले, 210 मेगावॉटचे तीन उरलेत आणि 660 चा नवीन येणार येणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तर कोळसा गेल्यावर त्या लोकांनी गावाचं नेमकं केलं काय?

गोदाकाठ
न्यूपोर्टला तीन वर्षं होतो, बिग पिटला, म्हणजे ब्लायनॅव्हनच्या त्याच खाणीत, दोनदा गेलोय. खाण 1980 ला बंद झाली आणि 1983 ला तिचंच म्युझियम केलं, 2000 मध्ये सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत. पिंजऱ्यातून साधारण 90 मीटर खाली नेतात, त्याआधी मोबाईल, बॅटरीचं घड्याळ, लायटर सगळं काढून घेतात, कारण खाणीत मिथेन असतो आणि एक ठिणगी पुरते. माझा गाईड स्वतः जुना खाणकामगार होता, त्याने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले तेव्हा डोळ्यासमोर धरलेला हात दिसेना, आणि तो म्हणे याच अंधारात पूर्वी लहान पोरं दारं उघडझाक करायला बसायची. वर आल्यावर चहा प्यायला पण सुचत नव्हतं.
पण गावातून चक्कर मारा. शंभर वर्षांपूर्वी वस्ती कितीतरी जास्त होती, आता सहा हजारांच्या घरात. पर्यटक खाण बघतो आणि गाडीत बसून निघून जातो, बाजारपेठेत कोण थांबतंय?

राखेतला_माणूस
म्हणजे आमच्या चिमणीला तिकीट लावायचं आणि आम्ही गाईड 😀 पन्नास जणांना नोकरी लागेल, बाकीच्यांनी सिन्नरला एमआयडीसीत जायचं.

गोदाकाठ
हसू नका, तिकडे तसंच झालंय. एब्बू व्हेल म्हणून गाव आहे, तिथला पोलाद कारखाना 2002 ला बंद झाला. 2008 मध्ये कार्डिफची पॅसेंजर ट्रेन परत सुरू केली तर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक चढले. काम कार्डिफला, झोपायला गावात. कारखान्याच्या जागेवर 2010 ला हॉस्पिटल आलं. माझ्या मते म्युझियमपेक्षा त्या ट्रेनने जास्त घरं तगवली.

सिन्नर_फाटा
टॉवर कोलियरी विसरलात राव, तिकडचीच कोळशाची खाण. 1994 मध्ये सरकारी कंपनीने तोट्यात म्हणून बंद केली, 239 कामगारांनी भरपाईच्या पैशातले प्रत्येकी 8 हजार पाउंड घातले, खाण विकत घेतली आणि 1995 ते 2008 चालवली, तीही कोळसा संपेपर्यंत. आता तिथे झिपलाईन आहे. 😐
आणि बाळूभाऊ, तिकडे हिरवीगार टेकडी दिसली की विचारा ती मुळात डोंगर होती का खाणीच्या मातीचा ढीग. अ‍ॅबरफानला 1966 मध्ये असाच ढीग पावसाने घसरून शाळेवर आला, 144 गेले, त्यातली 116 मुलं. कोळसा जाळून उरलेली राख साठवतात त्या आपल्या राखेच्या तळ्यांचा विचार आधी करा, म्युझियम नंतर.

नाशिकरोडचा_बाळू
राखेचं डोक्यातच नव्हतं, वडलांना विचारतो आज. गोदाकाठ, ब्लायनॅव्हनला ट्रेन जाते का?

गोदाकाठ
नाही, बसने जायचं. हौशी लोकांची वाफेची गाडी आहे पण ती फिरायला. स्वेटर घ्या, मे असला तरी खाली गार असतं.