'गावरान' ही डुकराची जात होते का?

आर्वीहून
आमच्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही भरणं सुरू आहे. पाळीव जनावरांच्या पानावर गाईपुढे 'गवळाऊ' लिहिलं, म्हशीपुढे 'नागपुरी'. कोणाला विचारावं लागलं नाही. डुकरांपाशी पेन थांबला. गावात साठेक आहेत: काळी, लांब तोंडाची, पाठीवर राठ केस उभे. ज्यांची आहेत त्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "नाव कायचं जी त्याले, कायी गावरानी डुकरं व्हय." समितीतले गुरुजी म्हणतात, 'देशी प्रजाती' लिहा. मला दोन्ही पटत नाही. काय लिहावं?

भंडाऱ्याहून
ताई, 'प्रजाती' तर लिहूच नका. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उतरंड येते ती कुल, प्रजाती, जाती अशी. त्या हिशेबाने 'सस' ही प्रजाती आणि 'सस स्क्रोफा' ही जाती. तुमच्या आजींचं काळं डुक्कर, रात्री भुईमूग उकरून जाणारं रानडुक्कर आणि विलायती पांढरं यॉर्कशायर, तिन्ही या एकाच जातीतली. वर्तमानपत्रांनी 'प्रजाती' एक पायरी खाली ओढली आणि आता ती कशालाही लावतात. वेगळ्या प्रजातीचं उदाहरण हवं असेल तर आसामातलं चिमुकलं पिग्मी हॉग घ्या. त्याचं शास्त्रीय नावच 'पोर्क्युला'पासून सुरू होतं.

पशुपालनातली 'जात' आणखी खालची पायरी आहे: पिढ्यान्‌पिढ्या एका भागात वाढून ज्यांची ठेवण पक्की झाली अशी जनावरं. 'जात' आणि 'जाती' यांत एका वेलांटीचा फरक, आणि जातचं अनेकवचनही जातीच. घोळ होतो तो इथेच.

दर्यापूरहून
'गावरान' हे विशेषण आहे, नाव नाही. गावरान अंडी, गावरान बोर, गावरान तूप. माल बाहेरचा नाही, एवढंच तो शब्द सांगतो. आर्वीचं काळं डुक्कर आणि गोंदियाचं काळं डुक्कर एकच आहे की वेगळं, हे त्यातून कळत नाही.

आमच्याकडच्या भुरकट म्हशीचं बघा. 2023 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची 'पूर्णाथडी' म्हणून नोंद केली. थडी म्हणजे काठ, पैलथडीतली, भीमथडीतली. किती सुंदर नाव आहे! त्याच वेळी गडचिरोलीकडची 'कठाणी' गायही नोंदली गेली. डुकराच्याही तीन जाती होत्या, पण त्या झारखंडची बांडा, मणिपुरी ब्लॅक आणि मेघालयाची वाक चांबिल. गारो भाषेत 'वाक' म्हणजेच डुक्कर. मिझोरामच्या 'झोवॉक'मधला वॉक म्हणजे डुक्कर, नागालँडच्या 'तेन्यी वो'मधला वो म्हणजेही डुक्कर. त्या लोकांचा घरातला शब्द जसाच्या तसा नोंदीत गेला. आपल्याकडे कागदावर येता येता डुकराचा 'वराह' होतो, योजनेचं नावसुद्धा 'वराहपालन'. पाळणाऱ्याच्या तोंडचा शब्द लिहायला लाज कसली?

चंद्रपूरहून
मला जास्त सलतो तो 'सुधारित' हा शब्द. एकदा यॉर्कशायर, लँड्रेस या विलायती डुकरांना सुधारित म्हटलं की घरचं आपोआप बिघडलेलं ठरतं. संकर वाईट नाही, वजन वाढतं, पैसा मिळतो. पण मूळ कळप बाजूला राखला नाही तर त्याची जनुकं संकरात विरघळतात, मग ती वेगळी काढता येत नाहीत. मिळेल ते खाऊन, आपल्या उन्हाळ्यात तग धरण्याचा गुण त्या जनुकांत आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात 90.6 लाख डुकरं भरली, 2012 पेक्षा सुमारे 12 टक्के कमी.

आणखी एक शब्द. जोमाने वाढणारा नर आधी खच्ची होतो नाहीतर विकला जातो, आणि साऱ्या गावाची पैदास एक-दोन नरांवर येते. नात्यातल्या नात्यात पैदास झाली की पिलं कमी, मर जास्त. याला कित्येक जण 'आंतरप्रजनन' लिहितात. आंतर म्हणजे दोहोंमधलं, जसं आंतरजातीय. इथे हवं 'अंतःप्रजनन', आतल्या आत. एका शब्दाने अर्थ नेमका उलटा होतो. ताई, तुमच्या गावात नर किती आहेत, हे नक्की लिहा.

आर्वीहून
सगळ्यांचे आभार. आज असं लिहिलं: "जात: वर्णन व्हायचं आहे. पाळणाऱ्यांचा शब्द: कायी गावरानी." खाली अंगाची ठेवण, कानाची लांबी, एका वेतात किती पिलं, हे आजींनीच सांगितलं. दर्यापूरचे भाऊ म्हणाले तसं 'डुक्कर'च ठेवलं, वराह केलं नाही.

नर मोजले. दोनच आहेत, आणि त्यातला एक विकायला काढला होता. तेवढा राखावा म्हणून संध्याकाळी पुन्हा आजींकडे जाते आहे.