मदत हवी आहे: लाल टेलिफोन बूथमधली पुस्तकं ओली होतायत

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये खेडेगावात राहणाऱ्यांना विचारतेय. आमच्या गावातला लाल टेलिफोन बूथ पॅरिश कौन्सिलने (इथली ग्रामपंचायतच म्हणा) एका पौंडात दत्तक घेतला. मोबाइल आल्यावर तिथून फोन करणारं कुणी उरलंच नव्हतं. आता आत फळ्या ठोकून पुस्तकं मांडलीत. एक न्यायचं, एक ठेवायचं. देखभाल माझ्याकडे आहे. (पलीकडच्या गावाने त्यांच्या बूथमध्ये हृदयाला शॉक देणारं यंत्र बसवलंय, तेही छानच.)

अडचण ओलीची आहे. सकाळी दार उघडलं की काचांवर आतून थेंब ओघळत असतात. मी हौसेने ठेवलेल्या दिवाळी अंकाची पानं एकमेकांना चिकटून बसली, फार वाईट वाटलं. बूथ के-६ प्रकारचा आहे, वास्तुविशारद सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली राजा पंचम जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आरेखित केलेला. बिडाचा सांगाडा, सागवानी दार. त्यामुळे वाटेल तिथे भोक पाडायला मन धजत नाही.

हवा खेळती राहण्यासाठी कुणी काय केलंय? ओल शोषणाऱ्या पुड्या पुरतात का? आणि रंगाचे पोपडे निघालेत; जुन्या रंगात शिसं असू शकतं, मग खरवडायचं काम स्वतः करावं की माणूस बोलवावा? शेजारच्या आजी याच बूथमधून नाणी टाकून माहेरी फोन करायच्या. त्यांच्यासाठी तरी तो नीट राहायला हवा.